सासूबाईंची ताकद आठ

तोक्तासिनची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आमची सासू नुकतीच जळून खाक झाली होती. निदान तो तसं ओरडत होता.

मी त्या घरचा नवा धाकटा जावई. वय अडतीस. माझं लग्न इतकं लांबलं होतं की आमच्या सरोवरकाठच्या बाल्खाशमधल्या सगळ्या आत्यांनी माझा नाद सोडून माझ्या भाच्यांसाठी मुली बघायला सुरुवात केली होती. अशात ते एकदाचं ठरलं, म्हणून मी नवा कोट चढवून, श्वास आत ओढून, सासरच्या पहिल्या मेजवानीला दाराजवळ बसलो होतो. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाभोवती चाळीसेक माणसं, मधे वाफाळतं मटण, आणि दारापासून सगळ्यात लांब, मानाच्या जागेवर, म्हणजे तोरवर, सासरे काबिदोल्ला, गावचे अक्साकाल, म्हणजे पांढऱ्या दाढीचे वडीलधारे. त्यांनी बाता, म्हणजे आशीर्वाद, द्यायला तळवे उघडले. झालं, सगळ्यांचेच तळवे उघडले. वडीलधारा आशीर्वाद देतो तेव्हा दोन्ही हात छातीसमोर, नजर खाली, आणि ‘आउमिन’ म्हणून हात चेहऱ्यावरून फिरेपर्यंत माशीनंसुद्धा उडायचं नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं.

सासरे माझ्या संसारासाठी मेंढरं मागत होते. मेंढरांमागून घोडे, घोड्यांमागून मुलगे. मुलगे यायच्या आत माझ्या कानाशी तोफ उडाली.

“सासू जळाली! अरे सासू जळाली! थांब लेका, आता सासरा सोडतो तुझ्यावर!”

चहाच्या समोवाराचं झाकण उडालं. शेजारच्या अंगणातला घोडा खुंटी उपटून जो पळाला तो सरोवराच्या पलीकडच्या काठावर सापडला, आणि तिथे जायला पूल नाही. खिडकीतल्या कुंडीनं होती नव्हती तेवढी फुलं टाकून दिली. एका आत्याबाईंना कित्येक वर्षं ऐकू येत नव्हतं, त्या दचकून म्हणाल्या, “कोण गं जळालं?”

मी शेजारी पाहिलं. तिथे एक दांडगा, लालबुंद माणूस बसला होता. त्याचा डावा तळवा अतिशय भाविकपणे छातीसमोर उघडा होता. उजवा दस्तरखानाखाली होता, आणि तिथून निळसर उजेड येत होता.

समोवाराशी बसलेल्या सासूबाई, नुरगाइशा अपा, शांतपणे म्हणाल्या, “विचारतायत ना आत्या. सांग की, कोण जळालं?”

“तुम्ही, अपा,” तो म्हणाला. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही.

सासऱ्यांनी हात खाली घेतले. “जावईबाळ, दुसरा हात कुठाय तुझा?”

“खाली आहे, अता.”

“मग आशीर्वाद अर्धाच झाला.”

तो अर्धा आशीर्वाद माझ्या संसाराला लागला. न्हाणीघराच्या फरशा अर्ध्यावर राहिल्या की माझी बायको आयनाश अजून बोट दाखवून म्हणते, “घोड्यांपर्यंतच मिळाला होता ना आपल्याला!”

त्या दिवशी तोक्तासिननं भाकर डोक्याला लावून शपथ घेतली, की यापुढे कुठेही, कधीही, कुणीही बाता दिली तर दोन्ही हात वर. नाहीतर मला ही भाकर मारो. आमच्याकडे याहून मोठी शपथ नाही. ही शपथ लक्षात ठेवा. तो विसरला असता तर मला हे लिहावं लागलं नसतं.

तोक्तासिन म्हणजे माझा साडू, थोरल्या मेव्हणीचा, कुल्याशचा नवरा. साडूला साडू दिसला की डोकं खाजतं अशी आमच्याकडे म्हण आहे. माझंही खाजलं, पण पहिल्या तासापुरतंच. पुढे दोघांनी एकाच उंबऱ्याशेजारी वारा खात एवढी वर्षं काढली, की आता तो दिसला नाही तर खाजतं.

त्याची नोकरी रेल्वेत. गाडी स्टेशनात थांबली की तो लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांखालून चालत जायचा आणि चाकांवर ठोके मारायचा. चाक धड असलं तर घंटेसारखं वाजतं, तडा असला तर फुटक्या मडक्यासारखं. एवढा नाजूक आवाज ओळखणाऱ्या या माणसाला स्वतःचा आवाज मात्र ऐकू येत नसे. तो कानात काही सांगायला वाकला की लोक मागे सरत. दोन गाड्यांच्या मधे त्याला बराच वेळ मोकळा असे, आणि त्या वेळात त्याला ‘बुरूज’ भेटला.

‘बुरूज’ हा मोबाइलवरचा पत्त्यांचा खेळ. दोन खेळाडू, दोघांचा एकेक बुरूज, समोरच्याचा आधी पाडायचा. हजारभर पानांतून तीस निवडून आपला कॅट आपणच बांधायचा. गंमत सगळी त्यातच. पान उतरायला तेल लागतं, आणि तेल दर चालीला एकेक थेंब वाढतं. म्हणजे स्वस्त पान लवकर येतं, भारी पानाला वाट बघावी लागते. शिवाय दर चालीला पडद्याच्या कडेनं एक वात जळत असते. सव्वा मिनिटात ती विझली की चाल गेली. देव आला तरी परत मिळत नाही.

अडचण ही होती की तोक्तासिननं कॅट बांधला तो लग्नाची आमंत्रणं करतात तसा. ज्याला बोलावलं त्याच्या भावाला कसं वगळायचं? लाकूडतोड्या घेतला म्हणून लाकूडतोड्याची बायको घेतली. ती आली म्हणून तिचं अस्वल. चेटकीण कुणालाच आवडत नव्हती, पण न बोलावलेली चेटकीण काय करते हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तीही घेतली. आणि ‘जुना मेंढपाळ’ नावाचं एक पान होतं, ताकद तीन, कामाला शून्य. जगातल्या प्रत्येक खेळाडूनं ते पहिल्याच दिवशी फेकून दिलं होतं. तोक्तासिन म्हणे, “दाढी बघ त्याची. पांढऱ्या दाढीच्या माणसाला घराबाहेर काढू होय?”

असा कॅट घेऊन तो जगभरच्या लोकांशी हरत असे. ब्राझिलात हरला, कोरियात हरला, एकदा तर तुर्कस्तानातल्या कुणाशी हरला आणि नंतर कळलं की समोरचा झोपला होता.

पानांना त्यानं घरातली नावं दिली होती. जुना मेंढपाळ म्हणजे सासरा. आठ थेंब तेल लागणारी ‘अग्निनागीण’ म्हणजे सासू. ती उतरल्या उतरल्या घाव घालत असे. लाकूडतोड्या मेव्हणा, अस्वल कुल्याश. “अस्वल का मी?” कुल्याशनं विचारलं तर म्हणाला, “झोपेतून उठवलं की ताकद दुप्पट होते.” तिनं मान्य केलं.

सासूबाईंना हे सगळं त्या मेजवानीनंतर कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला स्वयंपाकघरात बोलावलं. मी कणकेचे बाउरसाक तळायला मदत करत होतो, म्हणजे तळलेले खात होतो.

“दाखव मला मी,” अपा म्हणाल्या.

त्यानं घाबरत पान दाखवलं. लाल खवले, डोळ्यांतून ठिणग्या, शेपटीखाली एक जळतं गाव.

अपांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. “ताकद किती माझी?”

“आठ, अपा.”

“आणि ह्यांची?”

“तीन.”

तळणीतला बाउरसाक करपला, पण कुणी हललं नाही. अपांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि पन्नास वर्षांच्या संसारात त्यांच्या चेहऱ्यावर जे कुणी पाहिलं नव्हतं ते हसू तिथे हळूहळू उगवलं.

“ज्यानं केला त्यानं विचार करून केलाय हा खेळ,” त्या म्हणाल्या. “बस इथे. मग एवढी आठ ताकद असून जळाले कशी मी?”

“तुम्ही येईपर्यंत सगळं घर मोडलेलं असतं, अपा. आठव्या चालीला येता तुम्ही.”

“आणि तोवर कोण सांभाळतं?”

“सासरे.”

“मग मोडणारच की घर!”

इथून पुढे कॅट अपांनी बांधला. त्यांना पत्त्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तीनशे माणसांची मेजवानी त्या अर्ध्या झोपेतही पार पाडत असत. “पहिल्यांदा चहा येतो. चहा ओतणाऱ्या सुना लागतात, चपळ, स्वस्त. एकेका थेंबात येणाऱ्या कोण आहेत? घे सगळ्या. मग बाउरसाक, सुकामेवा. लोकांचं तोंड चालू राहायला हवं. मग कलेजी. त्यानंतर मटण. आणि मटणानंतर मी.” त्यांनी लाकूडतोड्याला हाकललं, त्याच्या बायकोला हाकललं. चेटकिणीला तर असं हाकललं की दोन दिवस तोक्तासिन दाराला कडी लावून झोपला. अस्वल ठेवलं. लेकच ती.

“आणि हा म्हातारा?”

“अपा, पांढरी दाढी—”

“हो रे बाबा. असू दे. कोपऱ्यात बसेल. मीही ह्यांच्याबाबतीत तेच करत आलेय.”

मेंढपाळ राहिला. आणि तोक्तासिन जिंकू लागला.

जिंकू लागला म्हणजे काय, सुटलाच! ब्राझील पडलं, कोरिया पडलं. तुर्कस्तानवाला जागा असताना पडला. स्टेशनावर गाडी थांबली की डब्याखालून गर्जना येई, “सासू आली! पळा!” आणि फलाटावर भाजलेले मासे विकणाऱ्या बाया टोपल्या आवरत. एकदा अलमाटीला निघालेल्या एका प्रवाशानं ते ऐकून खरंच डबा बदलला.

आता खरं दुखणं सांगतो. आमच्यात मटणाचा कुठला तुकडा कुणाला, हे ठरलेलं असतं. जावयाला सीना. जावई वीस वर्षांचा असो की साठ, सासरी तो ‘जावईबाळ’, जागा दाराजवळ आणि ताटात सीना. तोक्तासिन बावन्न वर्षांचा झाला होता, त्याच्या स्वतःच्या घरी त्याला आजोबा म्हणणारी दोन माणसं होती, आणि इथे जो कुणी बाहेरून येई तो दाराचा कोपरा त्याच्या कोपराला मारूनच येई. उलट मेव्हणा सेरिककाली त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान, पण कुस्तीत प्रांताचा विजेता झालेला. म्हणून सासऱ्यांनी त्याला तोरवर आपल्या शेजारी बसवलेला.

एका जेवणात सेरिककाली वरून ओरडला, “भाऊजी, दार लावा की, वारा येतोय!”

“वारा तुझ्यापर्यंत पोचतोच कसा?” तोक्तासिन म्हणाला. “मधे मी आहे ना! तीस वर्षं मीच लागतोय या घराला दार म्हणून!”

लोक हसले. सासरे हसले नाहीत. ते न्यायी माणूस. “जावई शंभर वर्षं जावईच, म्हणतात,” ते म्हणाले.

“म्हणजे अजून सत्तर वर्षं बाकी आहेत इथे, अता. मोजलीत मी.”

“सेरिककालीनं चषक आणला. तू काय आणलंस?”

तोक्तासिन उठून उभा राहिला. आवाज नेहमीचाच. “येत्या वसंतात ‘बुरूज’ची प्रांताची स्पर्धा आहे. आपल्याच गावात. चषक आहे. विजेता झालो तर?”

“बोटांनी खेळायचं ते?” सेरिककालीनं विचारलं.

“तू मानगुटीनं खेळतोस, मी बोटांनी.”

सासऱ्यांनी दाढी धरून विचार केला. “विजेता तो विजेता,” ते म्हणाले. “चषक आणलास तर तोरवर माझ्या उजव्या हाताला बसशील, आणि मेंढीची मुंडी मी माझ्या हातानं तुझ्यासमोर ठेवीन.”

मुंडी! मुंडी सगळ्यात मानाच्या पाहुण्यापुढे ठेवतात. जावयापुढे ठेवल्याचं कुणाच्या पणजोबांनीही ऐकलं नव्हतं. तोक्तासिन खाली बसला तो थेट माझ्या मांडीवर बसला, आणि त्याला ते कळलंही नाही.

तो सगळा हिवाळा आम्ही वेड्यासारखे वागलो. मी धाकटा जावई. तो वर सरकला तर त्याची दारापासूनची दुसरी जागा मला, म्हणजे दाराचा कोपरा बरगडीऐवजी कोपराला. माझाही स्वार्थ होताच. मी त्याच्याशी रोज खेळायचो आणि रोज हरायचो. अपा मागे बसून लोकर कातत सूचना द्यायच्या: “चहा संपलाय त्याचा, आता हाण!” “अरे, पाहुणे निघाले नाहीत अजून, मला कशाला उठवतोस?” कुल्याश म्हणायची, “माझ्या आईबरोबर एवढा वेळ बसणारा नवरा जगात दुसरा नसेल. सांगायचं कुणाला पण?”

स्पर्धा झाली लग्नाच्या हॉलमध्ये, कारण गावातलं संगणकांचं दुकान पुरेना. खुर्च्यांना पांढरी झालर आणि मागे गुलाबी गाठी तशाच होत्या. व्यासपीठावर वधूवरांच्या टेबलावर दोन मोबाइल, आणि वर भिंतभर पडद्यावर खेळ. प्रांतातून पोरं आली होती, बहुतेक सगळी ओठ न हलवता बोलणारी. त्यांच्यात आमचा साडू रेल्वेचा गणवेश घालून, हातोडी सोडून बाकी सगळ्या तयारीनिशी. तो दर चालीला ओरडे आणि समोरच्या पोराच्या हातातून मोबाइल पडे. पंचांनी नियमाचं पुस्तक चाळलं. त्यात आवाजाबद्दल काही नव्हतं.

दुपारपर्यंत अंतिम फेरीत दोघे उरले. तोक्तासिन, आणि कारागांदाहून आलेले विक्टर हेन्रिखोविच. हे औषधांच्या दुकानाचे मालक, वय पंचावन्न, जर्मन वंशाचे, बारीक आवाजाचे आणि इतके सभ्य, की तोक्तासिनचं पान मारायच्या आधी “माफ करा हं” म्हणत.

“माफी कसली, मारा!” तोक्तासिन गरजे.

पहिला डाव त्यांचा, दुसरा याचा. तिसऱ्या डावात दोघांचे बुरूज खिळखिळे झाले. आणि मग आली ती चाल. पडद्यावर सगळ्या हॉलला दिसत होतं: विक्टर यांच्या बुरुजाला सात जीव उरलेत. तोक्तासिनजवळ आठ थेंब तेल आहे. आणि हातात सासू. ताकद आठ. ती उतरवायची, बस. एक बोट! नाही उतरवली तर पुढच्या चालीला विक्टर याला जाळणार, हेही दिसत होतं.

पहिल्या रांगेत अपा उठून उभ्या राहिल्या. “मी आले!” त्या हॉलला सांगत होत्या. “ती मी आहे!”

तोक्तासिननं बोट उचललं. आणि तेवढ्यात त्याला हॉलच्या दारात सासरे दिसले. म्हातारा दुपारची झोप आटोपून, नवा झगा घालून, काठी टेकत नुकताच येत होता. तीस वर्षं ज्यांच्यासमोर सीना खाल्ला, ते हे बघणार नाहीत? तोक्तासिननं बोट हवेतच ठेवलं आणि छत हलेल असा ओरडला, “अता! या, या! तुमच्यासमोरच होऊ दे आता!”

चूक एवढीच झाली. एवढा वयोवृद्ध माणूस दारात आला म्हटल्यावर अख्खा हॉल उठून उभा राहिला. दोन-तीनशे माणसं गप्प, सगळ्यांचे चेहरे दाराकडे, आणि व्यासपीठावरून जावई बोलावतोय. आमच्या मुलखातल्या ऐंशी पार केलेल्या माणसाला याचा एकच अर्थ कळतो. लोक बाता मागतायत. काबिदोल्ला अक्साकालांनी काठी काखेत धरली आणि दोन्ही तळवे उघडले.

दोन-तीनशे जोड्या तळवे उघडले. पंचांनी पुस्तक खाली ठेवून उघडले. विक्टर हेन्रिखोविचनी मोबाइल टेबलावर ठेवून उघडले. जन्म इथे गेलेला, ते काय हात खिशात ठेवणार होते? तोक्तासिनचं उचललेलं बोट क्षणभर हवेत लटकलं. मग भाकरीची शपथ त्याच्या चेहऱ्यावरून सरकत जाताना मी पाहिली. त्यानं दोन्ही हात छातीसमोर धरले.

हॉलमध्ये एकटी वात तेवढी कुणाला जुमानत नव्हती.

सासऱ्यांची बाता बाल्खाशमध्ये प्रसिद्ध आहे. ती मेंढरांपासून निघते. “चारा हिरवा असो,” ते म्हणाले. वात पाव जळाली. “सरोवराला मासे असोत.” वात अर्धी. तोक्तासिनची नजर खाली, पण भुवयांखालून पडद्यावर. कपाळावरून घाम टपटपत होता, पुसायला हात मोकळा नव्हता.

अपांचे हात वर होते, ओठ हलत नव्हते, तरी आवाज येत होता. “उतरव मला, मेल्या! उतरव!”

“हात वर आहेत, अपा.”

“एका बोटाचं काम आहे!”

“मागच्या खेपेला एका हातानं काय झालं होतं?” तो कुजबुजला. त्याची कुजबुज म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत गेली.

मीही दोन्ही हात वर करून उभा होतो आणि मनातल्या मनात सासऱ्यांना ढकलत होतो: घोडे सोडा, अता, घोडे सोडून द्या! पण घोडे आले. घोड्यांमागून रस्ते आले, नळाचं पाणी आलं, देशोदेशींची शांतता आली. शांतता येता येता वात फुर्र करून विझली.

“—आणि हात वर करणाऱ्या प्रत्येकाला यश मिळो. आउमिन.”

“आउमिन,” हॉल म्हणाला, आणि सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. तोक्तासिननं फिरवले ते खाली आणलेच नाहीत.

चाल विक्टर यांच्याकडे गेली होती आणि त्यांची वात जळायला लागली होती. ते बिचारे पंचांकडे पाहत म्हणाले, “हे बरोबर नाही. मी चाल सोडून देतो.”

तेव्हा तोक्तासिननं चेहऱ्यावरचे हात काढले. “ए पाहुण्या!” तो ओरडला. “माझ्या गावात येऊन माझ्यासाठी हरणार तू? लोक काय म्हणतील मला? खेळ! खेळ म्हणतो ना, वात जातेय!”

“माफ करा हं,” विक्टर हेन्रिखोविच म्हणाले, आणि बुरूज जाळला.

सासरे काठी टेकत व्यासपीठापाशी पोचले. “झाला विजय?” त्यांनी आनंदानं विचारलं.

“झाला, अता.”

“बघ, बाता कशी लागली!”

“पाहुण्याला लागली.”

म्हाताऱ्यानं विक्टर यांच्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, दाढी धरली. “हात त्याचेही वरच होते,” ते म्हणाले. ते न्यायी माणूस.

मेंढी सकाळीच कापून झालेली. ती कापताना कुणाच्या मनात शंका नव्हती, त्यामुळे आता ती कुणीतरी खायलाच हवी होती. शिवाय परगावचा माणूस गावात चषक जिंकून उपाशी परत गेला, असं बाल्खाशमध्ये आजवर घडलेलं नाही. तोक्तासिननं स्वतः विक्टर यांना दंडाला धरून घरी नेलं. ते वाटेत तीन वेळा नको म्हणाले. त्यांच्या नको म्हणण्याचा आवाज याच्या ‘चला’खाली चिरडला गेला.

त्यांना तोरवर बसवलं, सासऱ्यांच्या उजव्या हाताला. तोक्तासिन दाराजवळ, मी त्याच्याहून दाराजवळ. सासऱ्यांनी शब्द दिला होता तशी मुंडी स्वतःच्या हातानं आणली, आणि विजेत्यापुढे ठेवली.

विक्टर हेन्रिखोविच पांढरे पडले. “मला संधिवात आहे,” ते हळूच म्हणाले. “डॉक्टरांनी मटण बंद केलंय. मी फक्त भाज्या खातो.”

हे असं वाक्य त्या घरात पूर्वी कुणी उच्चारलं नव्हतं. आत्याबाईंना पुन्हा ऐकू आलं. अपा म्हणाल्या, “कारागांदाला मेंढरं संपली का हो?” सेरिककाली म्हणाला, “भाऊजी, अहो, भाज्या खाणाऱ्याकडून हरलात!” आणि सगळ्यांत मोठ्यानं हसला तो तोक्तासिन. असा हसला की दार आपोआप उघडलं आणि माझ्या बरगडीत बसलं. मग आम्ही सगळेच हसायला लागलो. विक्टर हेन्रिखोविचसुद्धा बारीक आवाजात हसले, आणि अपांनी त्यांच्यापुढे उकडलेल्या बटाट्यांचा डोंगर रचला.

“खाऊ नका, पण वाटा तरी,” सासरे म्हणाले. “ज्याच्यापुढे मुंडी, त्यानं वाटायची.”

विक्टर यांनी सुरी घेतली. त्यांना मनापासून तोक्तासिनला काही चांगलं द्यायचं होतं. “हा कान कुणाला देतात?” त्यांनी विचारलं.

कान पोरांना देतात, नीट ऐकावं म्हणून. हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण सासरे आधी बोलले. “ज्याला ऐकण्याची गरज आहे त्याला.”

विक्टर हेन्रिखोविचनी कान कापला, तळहातावर ठेवला, आणि हाताहातांतून तो दस्तरखानाभोवती फिरत तोरपासून दारापर्यंत आला. जन्मभर कानावर पोट भरणाऱ्या माझ्या साडूनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि खाल्ला. मग त्याच्या ताटात सीना आला. तोही खाल्ला.

पुढच्या हिवाळ्यात कंपनीनं नागिणीची ताकद आठाची सहा केली. अपांनी त्या दिवसापासून खेळाचं नाव काढलं नाही. नंतर गिऱ्हाईक कमी झालं म्हणून कंपनीनं ‘बुरूज’ बंदच केला. सेरिककालीनं यंदा दाराला रबरी पट्टी बसवून दिली. आता तोक्तासिनला वारा थोडा कमी लागतो.